मधुताईंची रेघ

हर्टफर्डशायरमधल्या एका शेतात दर उन्हाळ्यात जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळा भरतो. तिथे एका पिकअपच्या मागच्या फळीवर, अगदी खालच्या कोपऱ्यात, मला देवनागरीत 'मधु' लिहिलेलं दिसलं. अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी होती. मी गुडघे टेकून पुन्हा वाचलं. गाडी १९५३ सालची, गडद निळी, आणि तिच्या बॉनेटवर, दारांवर, मागच्या फळीवर पिवळसर रंगाच्या इतक्या बारीक रेघा की लांबून त्या दिसायच्याच नाहीत, नुसती गाडी जरा जास्त देखणी वाटायची.

गाडीचा मालक इसेक्सचा प्लंबर होता. मी त्याला विचारलं, हे कोणी लिहिलं? तो म्हणाला, ती मॅड्झची खूण, तिच्या प्रत्येक कामावर असते. त्याला ती नक्षीच वाटत होती. ही माझ्या भाषेतली अक्षरं आहेत आणि त्यांचा अर्थ 'मध' होतो, असं मी सांगितल्यावर त्याने बायकोला हाक मारून बोलावलं आणि आम्ही तिघं त्या कोपऱ्यापाशी वाकून उभे राहिलो. निघताना त्याने मला मॅड्झचा फोन नंबर दिला.

मला तो नंबर हवाच होता. मी मूळचा पुण्याचा, मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्या वर्षी मी १९५६ सालचा फोर्ड पिकअप घेतला होता. तो ट्रकवरून उतरवून घरासमोर ठेवला, तेव्हा माझी बायको अक्षया दारात येऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पुष्कर, हा टेम्पो आहे." आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर तिला आमच्या गल्लीतल्या वाण्याची आठवण झाली, त्याच्याकडे कांद्याची पोती अशाच गाडीतून यायची म्हणे. दोघींचंही बरोबर होतं. या गाड्या टेम्पोच आहेत. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी त्यांतून गवताचे भारे नेले, कोंबड्या नेल्या, कुंपणाचे खांब नेले, आणि मोडल्यावर शेताच्या कडेला सोडून दिल्या. कोरड्या वाळवंटी भागात त्या गंजल्या नाहीत म्हणून वाचल्या. आता इंग्लंडातले सुतार, इलेक्ट्रिशियन, शिक्षक त्या बोटीने मागवतात, जमिनीला जवळजवळ टेकतील इतक्या खाली आणतात, नवं इंजिन बसवतात, छप्पर कापून बुटकं करतात, मागच्या हौद्यात ओकच्या फळ्या घालून पॉलिश करतात. मग त्या हौद्यातून फक्त घडीच्या खुर्च्या आणि सँडविचचा डबा जातो.

बाहेरच्या माणसाला यात काय बघायचं ते कळत नाही. मलाही आधी कळायचं नाही. हळूहळू डोळा तयार होतो. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती जागा सोडली आहे, दार लावल्यावर फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, छप्पर कापल्यावर काचेची तिरकी रेषा बिघडली तर नाही ना, हे लोक तासभर बघतात आणि एखादाच शब्द बोलतात. काही जण रंगवायच्या पूर्ण विरोधात. उन्हाने उडालेला रंग हाच गाडीचा खरा रंग, असं त्यांचं म्हणणं. यावरून भांडणंही होतात. माझ्या फोर्डचा पोपटी रंग अर्धा उडाला होता आणि तो मला तसाच ठेवायचा होता, पण दारांवर आणि मागे थोड्या रेघा हव्या होत्या. या रेघा हातानेच ओढायच्या असतात. ते करणारी माणसं या देशात थोडी आहेत, आणि त्यांत मॅड्झचं नाव वरचं, हे मी आधीच ऐकलं होतं. मॅड्झ म्हणजे मधुमती असेल, हे मात्र डोक्यात येणं शक्य नव्हतं.

फोनवरचं इंग्रजी पक्कं हॅरोचं, लंडनच्या उपनगरातलं होतं. मी मराठीत विचारलं, तुम्ही मराठी आहात का? त्याच बाई एकदम नागपुरी मराठीत म्हणाल्या, "हो. पण तुला कोणी सांगितलं?"

हॅरोजवळ पिनरला त्यांच्या घरामागे लांबलचक गॅरेज होतं. मी गाडी आत घातली तेव्हा कार्डिगन घातलेले एक उंच म्हातारे गृहस्थ घरातून काठी टेकत आले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आले. ते मधुताईंचे वडील, हरीशकाका. "मोठी वस्तू आणून राहिला तू," ते म्हणाले. मग बॉनेटवर हात ठेवून सांगू लागले, की लढाई संपल्यावर अमेरिकन फौजेने अशा कितीतरी गाड्या हिंदुस्थानात टाकून दिल्या होत्या. कामठीला त्यांच्या घराजवळ डिस्पोजलचा, म्हणजे फौजेने लिलावात काढलेला, अशाच नाकाचा एक ट्रक होता, त्यातून विटा जायच्या, आणि लहानपणी ते मागे लटकून शाळेत जायचे. मधुताई तेवढ्यात हात पुसत आल्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, केस मुलासारखे कापलेले, अंगात रंगाचे डाग पडलेला एप्रन. त्यांनी माझ्याकडे न बघता आधी गाडीकडे बघितलं. "गाडी छान आहे," त्या म्हणाल्या, "पण याची दार खाली लटकून राहिली. आधी ते नीट कर, मग मी रेघ काढीन. लटकलेल्या दारावर सरळ रेघ वाकडा दिसतो."

त्यांचं मराठी हे असं होतं. शब्द सगळे वडिलांच्या नागपूरचे, लिंगवचन इंग्लंडात हरवलेलं. मी दार नीट करून आणलं, त्यांनी रेघा काढल्या, आणि तेव्हापासून मी त्यांना मधुताई म्हणू लागलो आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी पिनरला जाऊ लागलो. अक्षयाही यायला लागली. टेम्पोच्या नादामुळे निदान एक बरं माणूस मिळालं, असं ती म्हणायची. मधुताईंची गोष्ट मला अशा शनिवारी तुकड्यातुकड्याने कळली.

हरीशकाका साठच्या दशकात नागपूरहून आले आणि हॅरोला फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कारखान्यात लागले. त्यांची बायको लीलावती घरी शिवणकाम करायची. मधुताई ही एकुलती मुलगी. आईची इच्छा होती की मुलीने बँकेत लागावं. तसं ती ओळखीच्या सगळ्यांना सांगूनही बसली होती. मुलीने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि वॉटफर्डच्या एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकायला गेली. खाटीक, बेकरी, दूधवाल्यांच्या गाड्या. लीलाकाकूंनी अनेक महिने तिच्याशी धड बोलणं टाकलं. देवापुढे बसताना मुलीच्या हातांना टर्पेंटाइनचा वास यायचा, त्यावरून रोज कुरकुर व्हायची. तो वास जात नसे म्हणून मधुताई संत्र्याच्या सालींनी हात चोळायच्या. आईला ते शेवटपर्यंत पसंत पडलं नाही. पण आजारपणात तिच्या औषधांच्या बाटल्यांवर मधुताईंनी मोठ्या सुंदर अक्षरांत नावं लिहून दिली, तेव्हा तिने एवढं म्हटलं, की अक्षर मात्र तुझं चांगलं आहे. मधुताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसल्या, पण सांगितलं दोनदा.

पाट्यांचा धंदा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बसला. मशीनने कापलेली चिकटवायची अक्षरं आली आणि दुकानदारांना हाताची अक्षरं नकोशी झाली. मधुताई काही काळ सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसल्या. त्याच काळात एका रविवारी त्यांनी रस्त्यावर एक बुटका केलेला अमेरिकन पिकअप बघितला. काळा, आणि त्याच्या नाकावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना लाल रेघांची वेल फुटलेली. सिग्नलला तो थांबला तसा त्यांनी काचेवर टकटक करून मालकाला विचारलं, की हे कशाने काढलं. त्याने पत्ता सांगितला, त्या गेल्या, आणि ब्रश बघून आल्या. तो ब्रश वेगळाच असतो. खारीच्या केसांचा, बोटभर लांब, तलवारीच्या पात्यासारखा निमुळता. हातात धरायचा दांडा आखूड, बाकी सगळे केस. त्यात घट्ट रंग भरायचा आणि करंगळी पत्र्यावर टेकवून, श्वास धरून, आपल्याकडे ओढत आणायचा. पट्टी नाही, दोरी नाही. त्या दोन वर्षं फेकून दिलेल्या फ्रिजच्या दारांवर सराव करत राहिल्या. हरीशकाका कौन्सिलच्या कचरा डेपोतून जुने फ्रिज आणून द्यायचे. शेजाऱ्यांनी कौन्सिलला तक्रार केली, तोवर मधुताई तयार झाल्या होत्या.

त्यानंतरची तीस वर्षं त्या हेच करत होत्या. लग्न केलं नाही. त्याबद्दल तिथल्या महाराष्ट्र मंडळात जे बोललं जायचं, ते त्यांना ठाऊक होतं. मंडळाच्या कार्यक्रमांना त्या वडिलांना सोडायला जायच्या आणि बाहेर गाडीत बसून राहायच्या. पण शेतातल्या मेळ्यांमध्ये त्या आल्या की माणसं त्यांच्यासाठी जागा करायची. दाढीवाले, हातभर गोंदलेले धिप्पाड पुरुष आपली गाडी दाखवताना त्यांच्यापुढे शाळकरी पोरांसारखे उभे राहायचे, कारण त्या खरं ते सांगायच्या. कोणीतरी त्यांना हमखास विचारायचं, की हे तुमच्या रांगोळीतून आलं असणार ना? मधुताई शांतपणे सांगायच्या, की माझ्या आईने आयुष्यात कधी रांगोळी काढली नाही, आमच्या दारात कार्पेट होतं.

मधुताईंचा हात पहिल्यांदा हलला तो माझ्याच गाडीवर. फोर्डची मागची फळी कोणीतरी पार्किंगमध्ये ठोकली होती, ती दुरुस्त करून मी पुन्हा त्यांच्याकडे नेली. कोपऱ्यातला वेलीचा आकडा, म्हणजे रेघेच्या टोकाचं गोल वळण, काढताना त्यांनी तो पुसला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. असं बऱ्याच वेळा झालं. फडक्याला थिनर लावून पुसलं की सगळं जातं, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं ब्रशसकट बारीक थरथरत होती. मी बघितलं हे त्यांच्या लक्षात आलं. "चहा घेऊ," त्या म्हणाल्या. चहा त्यांनी डाव्या हाताने ओतला.

पुढचे काही महिने त्यांनी हे सगळ्यांपासून लपवलं. डॉक्टरकडेही जायला तयार नव्हत्या, कारण त्यांना वाटत होतं की हा पार्किन्सन्स आहे, आणि तसं असेल तर वडिलांना कोण बघणार. शेवटी अक्षयाने जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली आणि स्वतः बरोबर गेली. पुढे स्पेशालिस्टसाठी बरीच वाट बघावी लागली. पार्किन्सन्स नव्हता. नुसता कंप होता, काही जणांना वयानुसार येतो तसला. जिवाला धोका नाही, पण हात कामाला लावला की तो हलणार, आणि हळूहळू वाढणार. गोळ्यांनी थोडा फरक पडला. डॉक्टरने विचारलं, रोजच्या कामात अडचण येते का? बटणं लावणं, कप धरणं वगैरे. मधुताई म्हणाल्या, बटणं लागतात. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर त्या बसल्या आणि उठायला तयार होईनात. अक्षया त्यांच्या शेजारी बसून राहिली.

घरी येऊन त्यांनी वाट बघणाऱ्या सगळ्यांना फोन केले आणि काम बंद केल्याचं सांगितलं. बहुतेकांनी हळहळून समजून घेतलं. एकाने घेतलं नाही. तो ल्यूटनचा डेन्झिल.

डेन्झिलचे आईवडील बार्बाडोसचे, त्याचा धंदा घरांची छपरं घालायचा. त्याने १९४९ सालचा शेवरोले पिकअप कित्येक वर्षं खपून उभा केला होता. आयुष्यभर छपरं घालणाऱ्या माणसाने आपल्या गाडीचं छप्पर मात्र दोन इंच कापून खाली आणलं होतं, यावरून सगळे त्याची चेष्टा करायचे. पण काम इतकं सफाईचं की जोड सापडत नसे. रंग ताज्या वांग्याचा, काळपट जांभळा. आता फक्त मधुताईंच्या रेघा राहिल्या होत्या. फोनवर तो म्हणाला, की तुझा हात हलत असेल तर हलत्या रेघा काढ, मला चालतील. मधुताई म्हणाल्या, मला चालणार नाहीत. त्यांनी त्याला दुसऱ्या तिघांची नावं सांगितली. डेन्झिलने एकालाही फोन केला नाही.

त्या उन्हाळ्यात मी मधुताईंना मुद्दाम मेळ्याला घेऊन गेलो. त्या येत नव्हत्या, हरीशकाकांनी भरीस घातलं. डेन्झिलची गाडी रांगेत मध्यभागी उभी होती, भोवती गर्दी. वांगी रंग उन्हात आतून पेटल्यासारखा दिसत होता आणि गाडीवर एकही रेघ नव्हती. काचेमागे एक पुठ्ठा ठेवला होता. त्यावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: रेघांसाठी मॅड्झची वाट बघतो आहे.

लोक पुठ्ठा वाचत होते आणि मग वळून मधुताईंकडे बघत होते. काही जण येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. डेन्झिलला वाटलं होतं की त्या भारावून जातील. त्या संतापल्या. त्यांनी त्याला गाडीच्या मागे नेलं आणि हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, सांगितलं, की माझ्या आजाराची पाटी तू गावभर लावलीस, आता प्रत्येक जण माझ्या हाताकडे बघणार. डेन्झिल मोठा माणूस, त्याचा चेहरा एकदम उतरला. त्याने पुठ्ठा काढून सीटखाली घातला आणि म्हणाला, "मी दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. ते लिहिता आलं नाही."

परतताना घराजवळ आल्यावर मधुताईंनी विचारलं, "तू क्लाइव्हला ओळखतो?"

क्लाइव्हला सगळेच ओळखत होते. तो बेडफर्डचा, रेघा काढणारा दुसरा मोठा कलाकार. आकडे आणि वेलबुट्टी यांत त्याचा हात मधुताईंपेक्षाही हलका होता, हे मधुताईच सांगायच्या. पण दोघांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. झालं असं, की क्लाइव्हने कधीकाळी मधुताईंच्या एका डिझाइनचा फोटो काढला, त्याचे मशीनवर कापलेले स्टिकर बनवले आणि मेळ्यांमध्ये विकले. ज्या मशीनने त्यांचा पहिला धंदा खाल्ला, त्याच मशीनमधून त्यांची रेघ बाहेर आली होती. त्यांनी त्याच्या टेबलाशी जाऊन सगळे स्टिकर बघितले, एक शब्द न बोलता परत ठेवले, आणि त्यानंतर त्याच्या नमस्कारालाही कधी उत्तर दिलं नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी त्याला फोन केला. काय बोलल्या ते मला नंतर हरीशकाकांनी सांगितलं. फार काही नाही: डेन्झिलची गाडी आहे, मला जमत नाही, तो दुसऱ्याला देत नाही, मी तुझं नाव घेतलं तर कदाचित देईल, तू येऊन माझ्यासमोर कर. क्लाइव्हने एकच विचारलं, की कधी येऊ.

तो आला तेव्हा मी तिथे होतो, डेन्झिलबरोबर गाडी आत घ्यायला. क्लाइव्ह हडकुळा, सत्तरीच्या आसपासचा, गळ्यात रुमाल. तो गॅरेजच्या दारातच थांबला आणि त्याने आधी स्टिकरांची गोष्ट काढली. चूक झाली, पैसा बरा मिळत होता, तुला न विचारता केलं, असं तो बोलत असताना मधुताई रंग ढवळत होत्या. त्याचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बारा वर्षं उशीर केलास. रंग बघ, फार पातळ झाला का?" त्याने बघितलं आणि म्हणाला की थोडा. तेवढ्यावर तो विषय संपला.

आधी त्यांनी नुसतं दाखवायचं ठरवलं होतं, कुठून कुठे रेघ जाईल ते. खडूने खुणा करून झाल्यावर त्या क्लाइव्हला म्हणाल्या, की माझा हात काय करतो तो तू बघूनच घे, म्हणजे मला का जमत नाही ते कळेल. जुन्या फ्रिजचं एक दार अजून भिंतीला टेकलेलं होतं. त्यावर त्यांनी एक लांब रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी आकडा काढला. आकडा थरथरला, कडेला दाते पडले. "बघ," त्या म्हणाल्या आणि पुसायला फडकं उचललं.

क्लाइव्हने त्यांचं मनगट धरलं. तो खाली वाकून आकडा नव्हे, रेघ बघत होता. चष्मा कपाळावर चढवून त्याने नाक पत्र्याला लावलं आणि टोकापर्यंत बघत गेला. मग म्हणाला, "मॅड्झ, ही सरळ आहे."

मधुताईंनी मान हलवली. त्यांना पटेना. त्याने परत एक ओढायला लावली. नंतर आणखी. डेन्झिलने मोबाइलचा दिवा तिरका धरला. रेघा सरळ होत्या. हात हलत होता, ते आम्हाला दिसत होतं, पण ब्रशचे केस इतके लांब की बोटांची थरथर त्यांच्या टोकापर्यंत पोहोचतच नव्हती, वाटेत जिरत होती. लांब रेघ त्या खांद्यातून ओढायच्या, चालत चालत, अख्ख्या अंगाने. आकड्याला मात्र बोटंच लागतात, आणि बोटं ऐकत नव्हती. हात बिघडल्यापासून त्यांनी प्रत्येक वेळी आकडाच बघितला होता आणि आकड्याबरोबर रेघही पुसून टाकली होती.

मधुताई उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या. हरीशकाका दारात उभे होते, त्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी मला विचारलं, "काय झालं? काहून रडून राहिली ती?" मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की ताईंना लांब रेघ येते आहे. काका म्हणाले, "येणारच. येत नव्हती कधी?"

मग ती गाडी दोघांनी केली. मधुताईंनी बॉनेटच्या नाकापासून दारांवरून मागच्या हौद्याच्या कडेपर्यंत जाणाऱ्या लांब रेघा ओढल्या, फिकट हस्तिदंती रंगात. एक रेघ ओढताना त्या गाडीच्या बाजूने मागे मागे चालत जायच्या आणि क्लाइव्ह त्यांच्या वाटेतल्या वस्तू पायाने बाजूला सारायचा. रेघ जिथे संपेल तिथे तो त्याचा बारीक ब्रश घेऊन बसायचा आणि आकडा काढायचा. सोपं नव्हतं ते. दोन माणसांचा दाब वेगळा, रंग भरायची सवय वेगळी, त्यामुळे जोडाच्या ठिकाणी जाडी बदलायची. पहिल्या दिवसाचं सगळं काम त्यांनी पुसून टाकलं. डेन्झिल बाहेर जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. दुपारी अक्षयाने पाठवलेली साबुदाण्याची खिचडी क्लाइव्हने दोनदा घेतली आणि ती कसली आहे हे विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मधुताईंनी रेघेचं शेवटचं टोक थोडं निमुळतं सोडायला सुरुवात केली, म्हणजे त्याला तिथून अलगद धरता येईल. तेव्हा जमलं.

पुढच्या मेळ्यात ती गाडी मी लांबून बघितली. रांगेत बाकी गाड्या होत्या तशा होत्या, ही मात्र उभी असूनही जरा पुढे सरकल्यासारखी दिसत होती. माणसं वाकून जोड शोधत होती, कारण दोघांनी केली हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. बक्षीस दुसऱ्याच एका गाडीला मिळालं, केंब्रिजकडच्या एका माणसाच्या, आणि मधुताईंनी तिची फट न् फट बघून सांगितलं की बरोबर आहे, ती जास्त चांगली आहे. डेन्झिलला ते फारसं आवडलं नाही. पण जेवणाच्या वेळी तो त्यांच्यासाठी हौद्यातून खुर्ची काढून घेऊन आला. तिथे बसून त्यांनी त्याला बजावलं, की रंग पक्का होईपर्यंत पॉलिश लावायचं नाही, नाहीतर परत करून देणार नाही.

या सगळ्याला आता दोन वर्षं होत आली. कंप वाढला आहे. मधुताई कप दोन्ही हातांनी धरतात, आणि कधी कधी सकाळ वाईट निघाली तर ब्रश न उचलता क्लाइव्हला फोन करून येऊ नको सांगतात. डावा हातही थोडा हलायला लागला आहे. किती दिवस जमेल हे त्या कोणाला विचारत नाहीत आणि कोणी विचारलेलं त्यांना आवडत नाही. पण काम चालू आहे. क्लाइव्ह गुरुवारी येतो. हरीशकाकांना तो आवडतो, कारण तो कामठीच्या ट्रकची गोष्ट दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतो.

गेल्या गुरुवारी मी गेलो तेव्हा नॉर्विचहून आलेला एक फोर्ड आत उभा होता, राखाडी, छप्पर न कापलेला, नुसता खाली आणलेला. त्याच्या दाराखाली दोघं जमिनीवर बसले होते. मधुताईंना लाल रेघ हवी होती. क्लाइव्ह म्हणत होता की राखाडीवर लाल फार सोपं, कोणीही करेल, हिरवी घे. मधुताई म्हणत होत्या की तुला हिरव्याशिवाय काही सुचत नाही, सगळ्या गाड्या तुझ्या मटारसारख्या दिसतात. त्यांनी मला मत विचारलं. मी म्हटलं, मला दोन्ही चांगले वाटतात. दोघांनीही माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि परत भांडायला लागले. काका आतून चहा झाल्याचं ओरडून सांगत होते, पण कोणी उठत नव्हतं, तेव्हा तो आणायला मी आत गेलो.